रिक्षातला कोष

खर्डी, ६ ऑक्टोबर

रविना,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहायचं इथंच माझी गाडी अडली. शाळेत 'तीर्थरूप' शिकवलं, 'चिरंजीव' शिकवलं, पण माहेरी जाऊन बसलेल्या बायकोला काय लिहायचं ते कुणी शिकवलं नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलंय. चालवून घे.

फोन तू एकदाच उचललास आणि म्हणालीस, "फोनवर नको रे. फोनवर तू हसवतोस, नि मला काय बोलायचं व्हतं ते राहूनच जातं. काय आसंल ते लिही नि जगनकडं दे." तुझा भाऊ जीप घेऊन रोज शहापूरला येतो, तेव्हा टपालाची सोय झाली. पण नवरा हसवतो ही काय तक्रार झाली का? लोकांच्या बायका नवरा मारतो म्हणून जातात, पितो म्हणून जातात. मी दोन्ही करत नाही. मग तू कशानं गेलीस?

जगनला विचारलं तर तो गाडीच्या काचा पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "ती होळीपर्यंत विचार करंल. येयाचं का नाय ते तीच सांगंल. नाय म्हणाली, तर मग दोन्हीकडची चार माणसं बसतील." चार माणसं बसतात ती सोडचिठ्ठीला बसतात, एवढं मला कळतं. एका दसऱ्याच्या जेवणातून गोष्ट चार माणसांपर्यंत कशी गेली?

मी त्या दुपारचा परत परत विचार करतोय. माझ्या रिक्षा-स्टँडवरच्या नवसूच्या अंगणात जेवणं झाली होती. तू सांगत होतीस की मुरबाडच्या पुढं घाटाच्या अंगाला जी नवी फुलपाखरांची बाग झालीय, तिथं तुला कामाला बोलावलंय. नवसूनं विचारलं, "काम काय हाय गो?" तू म्हणालीस, "कोष सांभाळायचं." तेव्हा मी मधेच म्हणालो, "न्या रे बाबांनो हिला. निदान आमच्या कोंबड्यांना अळ्या तरी खायला मिळतील." सगळे हसले. नवसूनं 'अळीवाली' म्हणून हाक मारली, त्यावर आणखी हसले. आणि रविना, तू पण हसलीस! मी बघितलं. तुझे दात दिसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून तू जगनच्या जीपमध्ये बसलीस. मला वाटलं, भावाकडं कापणीला चाललीस.

जाताना म्हणालीस, "अळ्यांना कढीपत्ता घाल. कोष झाले की हात लावू नको." बस. मी म्हटलं ठीक. आता तुझं ते बांबूचं डालं पडवीत आहे, वर मच्छरदाणीचा तुकडा, आत बाटलीत फांद्या. आई रोज त्याच्याभोवती फिरते. तिची कोंबडी पिल्लं घेऊन निघालीय आणि झाकायला डालं नाही. "काय रे अनंता, डालं कोंबडीचं का अळ्यांचं? रातचं मांजर आलं म्हंजे?" मी सांगितलं, अळ्यांचं. घरात एवढं धाडसाचं वाक्य मी पहिल्यांदाच बोललो असेन.

अळ्यांचं म्हणशील तर खातात. आणि हगतात. आणखी काही करत असतील तर मला दिसलेलं नाही.

तुझा (अजून तरी)
अनंता


१८ ऑक्टोबर

रविना,

जगननं तुझा निरोप दिला: "पाला धुऊन घाल, पण पुसून घाल." एवढाच. मी दोन पानं भरून लिहिलं आणि तुझ्याकडून आलं काय, तर पाला पुसून घाल. मी जगनला म्हटलं, बाकी काही? तो म्हणाला, "बाकी काय नाय. पत्र दोनदा वाचलं तिनं." दोनदा का वाचलं असशील? रागानं की बरं वाटून? मला काहीच कळत नाही.

पाला पुसून घालतो. आपल्या मोरीमागच्या झाडाची पानं संपत आली, म्हणून खर्डी स्टेशनजवळच्या क्वार्टरमधल्या बाईंकडं मागितली. त्या म्हणाल्या, "आमटीला एवढी फांदी?" मी म्हटलं, घरात खाणारे खूप आहेत. फांदी रिक्षाच्या मागच्या बाजूला टाकली आणि दिवसभर भाडी मारली. संध्याकाळी बघतो तर त्या फांदीवर आधीच तुझ्या मंडळींपैकी एक अळी होती. हिरवीगार, जाडजूड. मी बोट लावलं तर डोक्यातून नारिंगी शिंग काढलं आणि असा वास सोडला की एखाद्या आजीबाई रिक्षातून उतरल्या असत्या. मी तिला उचलून डाल्यात नेणारच होतो, तेवढ्यात भाडं आलं. सकाळी ती नव्हती.

सापडली ती टपाखालच्या लोखंडी दांडीवर, माझ्या सीटच्या बरोबर मागं. रात्रीतून तिनं स्वतःला बांधून घेतलं होतं. खाली शेपटाकडून चिकटलेली आणि कमरेला एकच धागा, वायरमन खांबावर पट्टा बांधून मागं रेलतो ना, तशी. दुसऱ्या दिवशी कातडं गळून कोष झाला. डाल्यातले हिरवे झालेत, हा मातकट झाला. गंजलेल्या दांडीचाच रंग घेतला त्यानं.

आता हात लावू नको म्हणालीस. मग रिक्षा चालवू की नको? त्याचं तू काहीच सांगून ठेवलं नाहीस. मी आपला हळू चालवतो. स्पीडब्रेकरवर तर बैलगाडी बरी म्हणतात लोक. काल एक बाई म्हणाली, "गाडीत कुणी बाळंतीण हाय का?" मी हसवायला काहीतरी म्हणणार होतो, पण नुसती गाडी आणखी हळू केली. असं मला कधी होत नाही.

ओठ जरा सुजलाय, रिक्षाचा आरसा लागला. जगन सांगेल त्याआधी मीच सांगतो.

दिवाळीला येशील का? हे विचारतोय, बोलावत नाही. बोलावलं तर तुला राग येईल का, ते कळत नाही म्हणून.

अनंता


९ नोव्हेंबर

रविना,

दिवाळी झाली. इकडं सगळं ठीक. भात कापून खळ्यावर आणलं. कोष ठीक आहेत. आई ठीक. तुझ्या वाट्याचा फराळ डब्यात तसाच ठेवलाय, आता मऊ पडला असेल.

एक विचारायचं होतं, सहज. कोषाला धूर चालतो का?

अनंता


२३ नोव्हेंबर

रविना,

जगननं सांगितलं की माझं मागचं पत्र वाचून तू उभीच राहिलीस आणि म्हणालीस, "काय झालंय ते नीट लिही म्हणावं." तर नीट लिहितो.

दिवाळीआधी आईनं घर सारवायला काढलं. मी कसाऱ्याचं भाडं घेऊन गेलो होतो. परत आलो तर पडवी सारवलेली, डाल्याखाली कोंबडीची पिल्लं चिवचिवतायत आणि तुझ्या फांद्या नाहीत. मी ओरडलोच. आई म्हणाली, "आरडतो कशाला? नीट ठेवल्यात." आणि हात धरून मला चुलीपाशी नेलं. तिथं वरच्या काठीला आपलं बियाणं टांगलेलं असतं ना, मक्याची कणसं, शिराळी, दुधीचा भोपळा, त्यांच्या मधोमध तुझ्या फांद्या. सुतळीनं बांधलेल्या, कोषांना अजिबात हात न लावता. खाली चूल धडधडतेय.

मी म्हटलं, "आये, हे काय केलंस?" तर ती माझ्याकडंच खुळ्यासारखी बघायला लागली. "तूच सांगितलंस ना, मिटून बसलंय, टाइम आला का निघंल? मग बियाणंच झालं ना ते? बियाणं धुरावरच ठेवतात. मुंगी नाय लागत, किडा नाय लागत. तुझी बायको येईल तवा तिला दाखवायचं, आमी पण सांभाळलं म्हणून."

मी फांद्या उतरवून पडवीत टांगल्या. दोन निघाली. एक चांगलं निघालं, काळंभोर, पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. दुपारभर वाळत बसलं आणि शेजारच्या धाऊकाकाच्या वालाच्या वेलावरून पलीकडं गेलं. आई त्याच्या मागं कुंपणापर्यंत गेली. दुसऱ्याचा एक पंख चुरगळलेलाच राहिला. बाकीचे कोष काळे पडले, शर्टाच्या बटणासारखे कडक. ते मी अजून टाकलेले नाहीत. टाकायचे असतात का?

आईला मी रागावलो नाही. खरं सांगायचं तर रागवायचं कशावर तेच मला उमगेना. तिनं वाईट केलं नाही, चांगलंही झालं नाही. तूही जाताना वाईट बोलली नाहीस. मीही त्या दिवशी वाईट बोललो नव्हतो, असं मला वाटतं. मग हे असं का झालंय?

तुला रागवायचं असेल तर मला रागाव. आईपर्यंत नको.

अनंता

ता. क. नवसूशी सध्या बोलणं नाही. कारण विशेष काही नाही.


१८ जानेवारी

रविना,

तुझी चिठ्ठी मिळाली. पहिलीच. इतके दिवस नुसते निरोप यायचे, त्यामुळं कागद रिक्षात बसूनच उघडला. तुझं अक्षर मी लग्नाआधी पाहिलं होतं, त्यानंतर आताच.

"आईंना काही बोलू नकोस. मी पण पहिल्यांदा तेच केलं होतं. माझा पहिला कोष मी चुलीवरच टांगला होता."

तीन ओळी. मी त्या आईला वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "मग शिकली कशी ती?" आपण एका घरात राहिलो, एका चुलीवरचं जेवलो, त्याच चुलीवर तू कोष टांगलास, तो काळा पडला असेल, तू तो उतरवला असशील, आणि मला पत्ताच नाही. मला सांगितलं होतंस का? सांगितलं असशील. मी त्यावर काहीतरी बोलून हसवलं असेन. तू हसली असशील. नंतर तुला काय सांगायचं होतं ते तसंच राहिलं असेल.

हे लिहिताना मला पहिल्यांदा जरा कळल्यासारखं वाटतंय, आणि लगेच परत काही कळत नाही. तू दसऱ्याला हसलीस ते हसणं होतं की नाही? मी इतकी वर्षं ज्याला तुझं हसू समजलो, त्यातलं खरं कुठलं? काही तरी खरं असेल ना? जत्रेत आपल्या रिक्षाचा हॉर्न अडकून बसला होता, तेव्हा तू पोट धरून हसली होतीस. ते तरी माझं असू दे.

ओठाचं खरं सांगतो. आरसा लागला नव्हता. स्टँडवर नवसूनं विचारलं, "काय रे, तुझी अळीवाली येतेय का नाय?" तेच नाव, तोच सूर. दसऱ्याला मी त्यावर टाळी दिली होती. त्या दिवशी मी त्याची कॉलर धरली. तो म्हणाला, "मी नवीन काय बोललो? तूच तर सुरुवात केलेली." ते खरंच होतं, म्हणून जास्त जोरात मारलं. त्यानंही मारलं.

जगन म्हणाला, तू त्या बागेत कामाला लागलीस, कोषांची खोली आता तुझ्या ताब्यात आहे. शाळेची मुलं येतात, तू त्यांना समजावून सांगतेस आणि सगळे गप्प राहून ऐकतात. राहायला खोलीही देतायत. हे सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता. मला आनंद झाला, देवाशपथ झाला. आणि रात्री ताट तसंच कोंबड्यांना घातलं. दोन्ही एकदम होतं का माणसाला?

आता रिक्षातल्या कोषाचं. तो तसाच आहे. घरातले निघाले, मेले, थंडी पडली, पण हा दांडीला कमरेला दोरा बांधून बसलाय तो बसलाच आहे. काळा पडला नाही, फुटला नाही. धाऊकाका म्हणतो, "मेलंय ते. काढ नि टाक." मी म्हटलं, मेलेला काळा पडतो, मी बघितलंय. तो म्हणाला, "मग वाळलंय." वाळलेलं आणि जिवंत यांतला फरक कसा ओळखायचा? हात लावायचा नाही म्हणालीस, आणि हात न लावता कसं कळणार?

गाडी अजून हळूच चालवतो. लोकांना सवय झालीय. घाई असलेले दुसऱ्या रिक्षात बसतात.

अनंता


११ फेब्रुवारी

रविना,

मागच्या पत्राला उत्तर नाही, निरोपही नाही. जगन म्हणतो कामात आहे. असशील.

आईनं भावकीत विषय काढला. होळी जवळ आली. म्हणतात, आपणच चार माणसं घेऊन जाऊ, रीतीनं बोलू, तिला घेऊन येऊ. धाऊकाका यायला तयार आहे. नवसूही तयार आहे, स्टँडवर येऊन सांगून गेला, ओठ सुजला होता माझा आणि मान खाली त्याची. आमचं मिटलं एकदाचं.

रीत तशीच आहे हे मलाही ठाऊक. नवरा एकटा जात नाही. एकटा गेला तर त्याला मान नाही आणि बाई आली नाही तर त्याचं तोंड काळं. पण चार माणसं जीपमधून उतरून तुझ्या बागेच्या दारात उभी राहतील, शाळेची मुलं बघतील, आणि धाऊकाका मोठ्यानं विचारील, "काय पोरी, येतेस का नाय?" मग तू हसशील. मला त्या हसण्याची भीती वाटते.

मी त्यांना नको म्हणालो. आई रडली. म्हणाली, "मग काय करणार हायस?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

तू मला हवी आहेस. हे मी कधी गंमत न करता बोललो नसेन, म्हणून लिहून ठेवतो. पण तुला तिथून उपटून आणायचं का, ते मला कळत नाही. आणि आणायचं नाही तर नवरा म्हणून मी काय करायचं, तेही कळत नाही.

अनंता


२६ फेब्रुवारी
बागेच्या दारात, पिंपळाखालच्या बाकावर

रविना,

घाबरू नकोस. एकटाच आलोय. चार माणसं नाहीत, जगनलाही सांगितलेलं नाही.

रिक्षा घेऊन आलोय. खर्डीहून इथपर्यंत रिक्षानं कोण येतं, असं तू म्हणशील. पंपावरच्या माणसानंही तेच विचारलं. पण कोषाला हात लावायचा नाही म्हणालीस. दांडी कापली तर टप खाली येतो. मग काय करणार, सगळी रिक्षाच घेऊन आलो. पहाटे निघालो, शहापूर, किन्हवली, सरळगाव, प्रत्येक खड्ड्याला थांबत. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यांनी माझ्या सगळ्या खानदानाची आठवण काढली.

मी तुला न्यायला आलो नाही. होळीला काय सांगायचं ते तू होळीलाच सांग, मी आधी विचारणार नाही. विचारायला आलोय ते एवढंच: हा जिवंत आहे की मेलेला? मला ओळखता येत नाही. इतके महिने रोज बघतोय, तरी येत नाही. तुला येईल.

मेलेला असेल तर तसं सांग. मी ऐकीन आणि काढून टाकीन, तक्रार करणार नाही. जिवंत असेल तर रिक्षा इथंच ठेवतो. चावी पत्रासोबत देतोय. परत खड्ड्यांतून नेऊन त्याला आणखी त्रास देणार नाही. मी एस.टी.नं जाईन. धंद्याचं बघून घेईन, धाऊकाकाकडं शेतावर माणूस हवाच आहे. तू फक्त कसं थांबायचं ते सांग. पाणी शिंपडायचं, नाही शिंपडायचं, काय करायचं आणि काय नाही. मी लिहून घेईन. गंमत करणार नाही. किंवा तुझं सगळं बोलून झालं की मग करीन.

आईनं डालं परत दिलंय. पिल्लं मोठी झाली. तिनं ते स्वतः धुतलं आणि मागच्या सीटवर ठेवलं. म्हणाली, "तिकडं लागत आसंल तिला."

अनंता

ता. क. पत्र वॉचमनकडं द्यायला गेलो तर त्यानं विचारलं, "कुणाकडचे म्हणून सांगू?" माझ्या तोंडून निघून गेलं, "अळीवालीचा नवरा." म्हटल्यावर माझं मलाच कसंतरी झालं. पण तो हसला नाही. म्हणाला, "रविना मॅडमचे का?" कोष दाखवायला आणलाय म्हटल्यावर बाहेर आला, रिक्षाच्या टपाखाली वाकून बघितलं, आणि मोठं फाटक उघडायला गेला. मी म्हटलं, अहो, आधी पत्र तरी घ्या. तो म्हणाला, "घेतो. आधी गाडी आत सावलीत घ्या. कोषाला ऊन लागतंय."